सगळ्यांना जागा असलेला कट्टा: इंटरॅक्टिव्ह कलाकार आणि अभ्यासकांचा ऑनलाइन समूह कसा उभारावा

इंटरॅक्टिव्ह माध्यमात, म्हणजे पाहणाऱ्याच्या किंवा वाचणाऱ्याच्या कृतीनुसार बदलणाऱ्या कलेत, काम करणारी माणसं एका ठिकाणी क्वचितच भेटतात. कुणी चित्रकला शिकून कोडकडे वळलेलं असतं, तर कुणी इंजिनिअरिंग करता करता गेम बनवायला लागलेलं. कुणी मराठी साहित्यात पीएच.डी. करताना वाचकाच्या निवडीनुसार वळणं घेणाऱ्या कथांचा अभ्यास करतं, कुणी सेन्सर आणि प्रोजेक्टर घेऊन रिकाम्या खोलीत इन्स्टॉलेशन उभं करतं. कॉलेजात यांचे विभाग वेगळे, काम दाखवायच्या जागा वेगळ्या आणि बोलण्याची भाषाही वेगळी. त्यामुळे कधी ना कधी यांच्यातल्या कुणाच्या तरी मनात येतंच की आपण एक ऑनलाइन कट्टा सुरू करू. हा लेख अशा माणसासाठी आहे. समूह चालवण्याचा अनुभव नसला तरी चालेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. ‘सर्वांचं स्वागत आहे’ असं लिहिल्याने समूह सर्वांचा होत नाही. आपला वेळ आणि मेहनत आधी कुणासाठी खर्च करायची आणि त्यासाठी कोणती मोहाची कामं बाजूला ठेवायची, हे तुम्ही ठरवता तेव्हा तो सर्वांचा व्हायला लागतो. खालच्या सगळ्या पायऱ्या या एकाच विचारातून आल्या आहेत.

पायरी १: आधी एक चालता समूह नीट पाहा

माझ्या मते यासाठी पी५.जेएस (p5.js) या कोड लिहून चित्र काढण्याच्या साधनाच्या समूहाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी ‘प्रोसेसिंग’ सुरू केलं. चित्रकार आणि डिझायनर यांना कोड लिहून चित्र काढता यावं, हा त्यामागचा हेतू. २०१२ मध्ये त्याची संस्था झाली, प्रोसेसिंग फाउंडेशन. २०१३ मध्ये लॉरेन ली मॅकार्थी या कलाकार बाईंनी तोच विचार ब्राउझरमध्ये आणला आणि पी५.जेएस तयार झालं. आज त्याचं एडिटर ब्राउझरमध्येच उघडतं, काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये ज्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणी देत नाही, त्या विद्यार्थ्याला विचारा ही सोय किती मोठी आहे ते.

२०१५ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात या प्रकल्पाला हातभार लावणारी मंडळी जमली आणि तिथे त्यांनी समूहाचं निवेदन लिहिलं. लिंग, वंश, भाषा, शारीरिक क्षमता, वर्ग, धर्म, वय, कौशल्य अशा कुठल्याही कारणाने कुणाला दूर ठेवायचं नाही, हे त्यात आहेच. पण मला त्यातल्या दुसऱ्या दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. एक, सहभागी व्हायला प्रत्येकाकडे वेळ, पैसा किंवा ताकद असतेच असं नाही, हे ते उघड मान्य करतात. दोन, समोरच्याला एखादी गोष्ट ‘माहीत असायलाच हवी’ असं गृहीत धरायचं नाही, हा नियम ते स्वतःला लावून घेतात.

खरा कस लागला तो २०१९ च्या मेळाव्यात. यापुढे लोकांचा प्रवेश सोपा करणाऱ्या सुविधाच जोडायच्या, बाकीच्या नव्या सुविधा नाहीत, असं त्यांनी ठरवलं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला नवीन काहीतरी जोडत राहण्याची किती ओढ असते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या निर्णयाचं वजन कळेल. पी५.जेएसमध्ये ‘डिस्क्राइब’ नावाची आज्ञा आहे. कॅनव्हासवर काय दिसतं ते कलाकाराने शब्दांत लिहायचं आणि स्क्रीन रीडरने ते दृष्टिहीन व्यक्तीला वाचून दाखवायचं. चुकांचे संदेश साध्या वाक्यांत आणि वेगवेगळ्या भाषांत देण्याची सोय आहे. वेबसाइट हिंदीतही आहे.

स्वतःचा कट्टा उघडण्याआधी अशा एखाद्या समूहात दोन-तीन आठवडे नुसते वाचत बसा. तिथली गाजलेली कामं पाहू नका. अगदी नवख्या माणसाचा पहिला प्रश्न शोधा. त्याला उत्तर कुणी दिलं, किती वेळाने दिलं, कोणत्या सुरात दिलं आणि त्यानंतर तो माणूस पुन्हा बोलला का, एवढं टिपून ठेवा.

पायरी २: कोण येऊ शकणार नाही, याची यादी करा

चार-पाच जणांनी मिळून सुरुवात करा. त्यात एक तरी कलाकार, एक तरी अभ्यासक आणि एक तरी कोड अजिबात न लिहिणारी व्यक्ती असू द्या. सगळे एकाच कॉलेजचे, एकाच बॅचचे मित्र असतील तर थांबा आणि अजून दोघांना शोधा. नाहीतर तुमचे आपापसातले विनोदच समूहाची भाषा होऊन बसतील आणि बाहेरच्याला पहिल्याच दिवशी परकं वाटेल.

मग एक कोरा कागद घ्या आणि आपण आता जे ठरवतोय त्यात कुणाला येता येणार नाही, ते लिहून काढा. आपल्याकडे ही यादी साधारण अशी होते: ज्याच्याकडे फक्त मोबाइल आहे आणि दिवसाचा डेटा ठरलेला आहे. जिला इंग्रजी वाचता येतं पण इंग्रजीत चारचौघांसमोर लिहायची भीती वाटते. ज्याला ऐकू येत नाही. जी स्क्रीन रीडर वापरते. जिला घरची जेवणं आटोपल्याशिवाय मोकळा वेळ नाही. जो कामावर असल्यामुळे दिवसा उत्तर देऊ शकत नाही.

यादीत आणखी दोन गोष्टी हमखास राहून जातात आणि आपल्या समाजात त्याच सगळ्यात जास्त टोचतात.

पहिली आडनावाची. नावनोंदणीच्या फॉर्मवर ‘पूर्ण नाव’ सक्तीचं ठेवलं की आपल्याकडे जात विचारल्यासारखंच होतं, मग विचारणाऱ्याच्या मनात तसं काही नसलं तरीही. फक्त पहिलं नाव चालेल, टोपणनाव चालेल, कलाकार म्हणून घेतलेलं नाव चालेल, असं फॉर्मवरच स्पष्ट लिहा. ट्रान्स सदस्यांनाही याचाच आधार मिळतो. ओळख करून देताना ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न टाळा आणि ‘सध्या काय बनवताय किंवा वाचताय?’ एवढंच विचारा.

दुसरी बोलीची. पुण्या-मुंबईच्या चार माणसांत वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी वळणाने बोलणारा गप्प होतो, कारण ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं की कुणीतरी हसत सुधारतं. कट्ट्यावर कुणाची बोली कुणी सुधारायची नाही, हा नियम पहिल्याच दिवसापासून असू द्या. गोव्यातले सदस्य मध्येच कोकणीत लिहितील, बंगळुरू किंवा न्यू जर्सीत वाढलेली मुलं अर्धं इंग्रजीत लिहितील. लिहू द्या.

आता यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर एक बदल लिहा. उदाहरणार्थ, फक्त मोबाइल असलेल्यांसाठी दर महिन्याच्या सरावात एक तरी काम फोनवर होण्यासारखं हवं. फांद्या फुटत जाणारी कथा लिहायची तर गूगल फॉर्मही पुरतो. उत्तरानुसार वाचकाला पुढच्या वेगवेगळ्या विभागात नेण्याची सोय त्यात आहे. कागदावर आराखडा काढून फोटो पाठवणं हाही पूर्ण सहभाग धरायचा, निम्मा नाही.

स्क्रीन रीडर वापरणाऱ्या किंवा कर्णबधिर व्यक्तीला सल्ला विचारणार असाल तर त्या कामाचा मोबदला द्या. आणि एकाच व्यक्तीला सगळ्या दिव्यांगांचा प्रतिनिधी बनवू नका. तिलाही आपली कला दाखवायची असते.

पायरी ३: एक पानाचं निवेदन लिहा

ते एका पानापेक्षा मोठं झालं तर कुणी वाचणार नाही. पहिल्या परिच्छेदात आपण कोण आणि इथे काय करतो, ते. दुसऱ्यात काय चालणार नाही, ते. इथे मोघम लिहू नका. ‘सभ्यता पाळा’ हे वाक्य कुणाच्याच उपयोगाचं नाही. जात, धर्म, लिंग, रंग, अपंगत्व यांवरून टोमणे, नको असताना केलेले खासगी मेसेज, दुसऱ्याचं काम नाव न देता वापरणं, ‘एवढंही येत नाही?’ असा सूर, हे सगळं सरळ नाव घेऊन लिहा. तिसऱ्यात, असं घडलं तर कुणाला सांगायचं आणि सांगितल्यावर पुढे काय होईल, ते. हा तिसरा परिच्छेद बहुतेक ठिकाणी गायब असतो. त्यावर पुढे वेगळं लिहिलं आहे.

निवेदन आधी मराठीत लिहा आणि मग इंग्रजीत न्या. उलट केलंत तर सरकारी परिपत्रकासारखी भाषा होते.

पायरी ४: जागा निवडा

आपल्याकडे पहिला हात व्हॉट्सअ‍ॅपकडेच जातो आणि त्याला कारणही आहे. ते प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीपासून असतं आणि कमी डेटात चालतं. पण साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. अनोळखी शंभर माणसांसमोर आपला नंबर ठेवायला अनेक मुली आणि बायका तयार होत नाहीत. त्या काही न बोलता बाहेर पडतात आणि आपल्याला वाटतं त्यांना रस नव्हता. शिवाय तिथे सगळं एकाच ओळीत वाहत जातं. मंगळवारी कुणी उत्तम उत्तर दिलं असेल तर शुक्रवारपर्यंत ते शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडलं जातं.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅप फक्त घोषणांसाठी ठेवा, जिथे आयोजकांनाच लिहिता येईल. चर्चेसाठी अशी जागा घ्या जिथे प्रत्येक विषयाचा धागा वेगळा राहतो, जुनं शोधता येतं आणि फोन नंबर न दाखवता सदस्य होता येतं. डिस्कॉर्ड, झुलिप, डिस्कोर्स हे तिन्ही पर्याय वापरात आहेत. प्रोसेसिंगवाले डिस्कोर्स वापरतात. ज्यांना रोज अ‍ॅप उघडणं जमत नाही त्यांना डिस्कोर्सवरच्या चर्चा ईमेलने वाचता येतात, म्हणून अभ्यासकांची संख्या जास्त असेल तर माझा कल तिकडे आहे. विद्यार्थी आणि गेम बनवणारे जास्त असतील तर डिस्कॉर्ड त्यांच्या सवयीचं असतं.

निवड पक्की करण्याआधी एक चाचणी करा. एनव्हीडीए हे विंडोजसाठीचं स्क्रीन रीडर मोफत मिळतं, अँड्रॉइडवर टॉकबॅक आधीच असतं. ते चालू करा, माउसला हात न लावता सदस्य व्हा, एक प्रश्न टाका आणि त्याचं उत्तर शोधा. जिथे तुम्ही अडकाल तिथे दृष्टिहीन सदस्यही अडकेल.

भेटीच्या वेळेचंही इथेच ठरवा. भारतात शनिवारी रात्री साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात न्यू यॉर्कला दुपारचे बारा, लंडनला संध्याकाळचे पाच. परदेशातल्या मराठी मंडळींना ही वेळ सोयीची. पण लहान मूल झोपवणाऱ्या आईला किंवा वसतिगृहात दिवे बंद होणाऱ्या मुलाला ती अजिबात नाही. एक महिना रात्री, एक महिना रविवारी सकाळी अशी अदलाबदल करा आणि प्रत्येक भेटीचा लेखी गोषवारा दोन दिवसांत टाका. रेकॉर्डिंगवर भागवू नका. दीड तासाचा व्हिडिओ पाहायला डेटा लागतो आणि ऐकू न येणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

पायरी ५: लिपीकडे लक्ष द्या

रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठी डोळ्यांनी वाचता येतं, पण स्क्रीन रीडर ते इंग्रजी समजून वाचतं आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून घोषणा, निवेदन, पाठ, गोषवारे हे सगळं देवनागरीत आणि युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या, सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या पद्धतीत. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर चिकटवू नका. दुसऱ्याच्या पडद्यावर तो चित्रविचित्र चिन्हांसारखा दिसतो आणि स्क्रीन रीडरला तो वाचता येत नाही. पोस्टरवर सुंदर अक्षरांत तारीख-वेळ लिहिली असेल तर खाली तीच माहिती साध्या मजकुरातही द्या. सदस्यांवर मात्र सक्ती नको. ज्याला देवनागरी टाइप करणं जड जातं त्याने रोमनमध्ये विचारावं, उत्तर देणाऱ्याने प्रश्न देवनागरीत एकदा लिहून मग उत्तर द्यावं.

कॅनव्हास, लूप, सेन्सर, इन्स्टॉलेशन, प्रोटोटाइप हे शब्द तसेच ठेवा. त्यांना संस्कृत प्रतिशब्द शोधत बसलात तर नवा माणूस दोन भाषा शिकेल आणि काम एकही नाही. मात्र प्रत्येक शब्दाचा साध्या मराठीत दोन ओळींचा खुलासा एका ठिकाणी जमवत राहा.

पायरी ६: पहिल्या प्रश्नाचं उत्तर कसं द्यायचं

समूह टिकणार की नाही हे इथे ठरतं, म्हणून या पायरीवर जरा रेंगाळू.

समजा, एका मुलीने पी५.जेएसमध्ये आपलं नाव पडद्यावर पावसासारखं एकेक अक्षराने पाडायचं ठरवलं. नाव ‘किरण’. तिने शब्द अक्षरांत तोडला आणि पडद्यावर भलतंच दिसलं. ‘क’ वेगळा पडतोय आणि वेलांटी एका ठिपक्यांच्या गोलावर बसून एकटीच खाली येतेय. ती विचारते, ‘माझ्या नावाची वेलांटी तुटते. माझं काय चुकलं?’

एक उत्तर असं येईल, ‘हे बेसिक आहे, गूगल कर.’ असं उत्तर मिळालेला माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. दुसरं उत्तर वरवर मदतीचं दिसतं. कुणी जाणकार वीस ओळींचा तयार कोड चिकटवतो आणि निघून जातो. मुलीचं काम होतं, पण तिला काहीच समजलेलं नसतं आणि आपण कमी आहोत ही भावना मात्र पक्की होते.

चांगलं उत्तर देणारा आधी सांगेल की तुझं काही चुकलेलं नाही. मराठी वाचणारा ‘किरण’मध्ये तीन अक्षरं मोजतो, पण कॉम्प्युटर चार मोजतो: क, वेलांटी, र, ण. वेलांटी हे युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह आहे आणि ती डोळ्यांना क-च्या आधी दिसत असली तरी साठवली जाते क-च्या नंतर. तोडताना कॉम्प्युटर तिला वेगळं काढतो, आणि बसायला व्यंजन नाही म्हणून तिच्याखाली ठिपक्यांचा गोल येतो. मग तो उपाय सुचवेल. पी५.जेएसचा कोड ज्या भाषेत लिहितात त्या जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल सेगमेंटर’ (Intl.Segmenter) नावाची सोय आहे. ती वाचणाऱ्याच्या नजरेने अक्षरं तोडते आणि ‘कि’, ‘र’, ‘ण’ असे तीन तुकडे देते. त्या दोन ओळी तो लिहून दाखवेल आणि म्हणेल, ‘करून बघ आणि कसं दिसतं ते इथे टाक.’

यानंतरची विनंती मी सर्वात महत्त्वाची मानते: ‘हे जमलं की तुझ्या शब्दांत दहा ओळी लिहून ठेवशील का? पुढच्या माणसाला उपयोग होईल.’ काल प्रश्न विचारणारी आज शिकवणारी होते. आणि हा प्रश्न देवनागरी लिहिणाऱ्या प्रत्येकाला येतो, तेव्हा तिच्या त्या दहा ओळी समूहाची खरी मिळकत ठरतात.

नियम एवढाच ठेवा की पहिल्या प्रश्नाला एका दिवसाच्या आत कुणीतरी उत्तर द्यायचं. ‘मलाही माहीत नाही, उद्या बघून सांगते’ हे उत्तरही चालतं. आठवड्याला दोघांची पाळी लावा म्हणजे ते एकाच माणसाच्या गळ्यात पडत नाही.

पायरी ७: अभ्यासक आणि कलाकार यांच्यातली ओढाताण

बाहेरून हे दोघे एकाच पंगतीतले वाटतात, पण त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत. अभ्यासकाला लेख छापायचा असतो, त्यासाठी उदाहरणं हवी असतात. कलाकाराला काम दाखवायचं असतं, पैसे मिळवायचे असतात आणि आपण कुणाच्या तरी प्रबंधातला नमुना झालो असं वाटून घ्यायचं नसतं. ही ओढाताण झाकून ठेवू नका.

कट्ट्यावरचं बोलणं हे संशोधनाची विनामूल्य सामग्री नाही. कुणाचं वाक्य, स्केच किंवा अर्धवट प्रयोग लेखात घ्यायचा असेल तर त्या व्यक्तीला आधी विचारायचं, कुठे छापणार ते सांगायचं, नाव द्यायचं की नाही हे तिलाच ठरवू द्यायचं आणि छापून आल्यावर प्रत पाठवायची. इंटरनेट संशोधकांच्या एओआयआर या संघटनेने २००२ पासून अशा संशोधनाची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वेळोवेळी प्रसिद्ध केली आहेत. समूहातल्या एखाद्या अभ्यासकाने त्यांचा मराठीत सारांश करून ठेवला तर ती मोठी मदत होईल.

अभ्यासकांकडूनही काही मागा. त्यांच्याकडे ग्रंथालयाचं सदस्यत्व आणि वाचण्याची शिस्त असते. दर महिन्याला एका लेखाचं त्यांनी तासाभरात साध्या मराठीत विवेचन करावं, आणि त्याच भेटीत कलाकाराने आपलं काम उघडून ते कसं चालतं ते दाखवावं. २००२ मध्ये मेलिंडा रॅकम यांनी सुरू केलेल्या ‘एम्पायर’ या माध्यमकलेच्या चर्चामंडळात महिन्याला एक विषय आणि त्यावर बोलायला आमंत्रित पाहुणे, अशी पद्धत होती. छोट्या समूहालाही ही घडी बसते, कारण विषय ठरलेला असला की नवख्याला तयारी करून येता येतं. पाहुणे निवडताना वर्षभराची यादी एकदम समोर ठेवून पाहा. प्रत्येक महिन्याची निवड वेगवेगळी केली तर ती योग्यच वाटते, पण बारा नावं एकत्र पाहिल्यावर कळतं की नऊ एकाच शहरातली आहेत.

श्रेयाचा हिशेबही मोकळा ठेवा. पी५.जेएसमध्ये हातभार लावणाऱ्यांच्या यादीत कोड लिहिणाऱ्यांबरोबर भाषांतर करणारे, शिकवणारे, चित्रं काढणारे, कार्यक्रम भरवणारे असे सगळे येतात. तुमच्या यादीतही गोषवारा लिहिणारीचं नाव गेम बनवणाऱ्याच्या शेजारी दिसायला हवं.

पायरी ८: काम दाखवणं आणि अभिप्राय

इंटरॅक्टिव्ह काम नुसतं पाहून अभिप्राय देता येत नाही, ते खेळावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. संवादी कथांची ‘आयएफकॉम्प’ ही वार्षिक स्पर्धा १९९५ पासून चालू आहे. तिथे परीक्षक कुणीही होऊ शकतं. अट अशी की निदान पाच कामं खेळून गुण द्यायचे आणि एका कामाचा निवाडा जास्तीत जास्त पहिल्या दोन तासांच्या खेळावरून करायचा. वेळेच्या मर्यादेमुळे नवख्या लेखकाच्या छोट्या कामालाही मोठ्याच्या बरोबरीने संधी मिळते.

कट्ट्यासाठी मर्यादा पंधरा मिनिटांची ठेवा. अभिप्राय देणाऱ्याने आधी आपण काय केलं ते सांगायचं, म्हणजे कुठे क्लिक केलं, कुठे अडकलो, कुठे थांबून राहिलो. मत नंतर. कलाकाराला अशी वर्णनं जास्त उपयोगी पडतात, आणि ‘मला कोडमधलं काही कळत नाही’ म्हणणाऱ्या आजीलाही ती देता येतात. काम टाकणाऱ्याने सोबत दोन ओळी लिहायच्या: पडद्यावर काय दिसतं, आणि काही झगमगतं किंवा अचानक मोठा आवाज होतो का. अपस्मार असलेल्या व्यक्तीसाठी झगमगाटाची सूचना ही जिवाची गोष्ट आहे.

पायरी ९: तक्रार आली तर

ती येईलच, म्हणून आधीच तीन माणसं नेमा. त्यात एक तरी स्त्री असावी आणि तिघंही एकाच कॉलेजची किंवा एकाच मित्रमंडळातली नसावीत. तक्रार ज्याच्याबद्दल आहे तो या तिघांपैकी कुणाचा मित्र, शिक्षक किंवा गाइड असेल तर त्या सदस्याने त्या प्रकरणातून बाजूला व्हायचं. आपलं क्षेत्र लहान आहे. ज्याच्याबद्दल तक्रार करायची तोच उद्या शिफारसपत्र देणारा असतो, या भीतीने मुली गप्प राहतात.

तक्रार मिळाल्याची पोच दोन दिवसांत द्या. तक्रार करणारीचं नाव तिच्या परवानगीशिवाय चौथ्या माणसाला कळता कामा नये. ताकीद, काही काळ बंदी, कायमची बंदी अशा पायऱ्या निवेदनात लिहून ठेवा आणि मोठ्या नावाच्या माणसालाही त्याच लावा. प्रसिद्ध कलाकार गेला तर समूहाचं नुकसान होईल, असं कुणीतरी म्हणेलच. तेव्हा त्याच्यामुळे आजवर गप्पपणे कोण कोण निघून गेलं, ते विचारा.

शाळकरी मुलं येणार असतील तर विशेष काळजी घ्या. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे. जन्मतारीख, पत्ता, फोटो अशी जी माहिती लागत नाही ती मागूच नका.

पायरी १०: केलेलं काम जपा

ब्राउझरमध्ये खेळ आणि अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅश या तंत्राचा आधार अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरमध्ये ती कामं चालेनाशी झाली. वीस वर्षांतले किती खेळ, किती डिजिटल कविता एकदम बंद पडल्या. तुमच्या समूहातली कामंही कधीतरी अशीच बंद पडतील. म्हणून प्रत्येक कामाचा कोड, पडद्यावरच्या वापराचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ आणि कलाकाराचं एक पानी टिपण, हे तिन्ही एका फोल्डरमध्ये ठेवत चला. कोड चालायचा थांबला तरी व्हिडिओ आणि टिपण राहतं, आणि उद्याच्या अभ्यासकाला तेच मिळतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या व्हँकुव्हर इथल्या इलेक्ट्रॉनिक साहित्याच्या प्रयोगशाळेत तर जुनी कामं जुन्याच कॉम्प्युटरवर खुद्द लेखकांकडून वापरून घेतात आणि त्याचं चित्रीकरण जपतात. आपल्याकडे फोनचा कॅमेरा पुरेल. काम काढून टाकायचं असेल तर तो हक्क मात्र कायम कलाकाराचा.

पायरी ११: सूत्रं सोपवा

पी५.जेएस मॅकार्थी यांनी सुरू केलं, पण त्या कायम खुर्चीत बसून राहिल्या नाहीत. पुढे मोइरा टर्नर आणि मग चियानचियान ये यांनी नेतृत्व सांभाळलं. समूह सुरू करतानाच आपली मुदत ठरवा. एक वर्ष, फार तर दोन. सहा महिने झाले की पुढची व्यक्ती सोबत घ्या आणि ती निवडताना आवाज कुणाचा मोठा आहे ते पाहू नका. नवख्यांच्या प्रश्नांना कोण नेमाने उत्तर देतं, ते पाहा.

पैशांचं बोलायला लाजू नका. गोषवारा लिहिणं, उपशीर्षकं करणं, तक्रारी हाताळणं हे काम आहे. निधी मिळाला तर पहिला खर्च यावर करा, लोगोवर आणि टी-शर्टवर नाही. निधी नसेल तर कामाचे तास कमी ठेवा आणि पाळी बदलत राहा. हौशीने धरलेलं काम एकाच माणसावर राहिलं तर तो थकतो, आणि तो थकला की कट्टा बंद पडतो.

सोपवताना एक फाइल द्या. सगळे पासवर्ड, पाळीचं वेळापत्रक, पायरी २ मधली यादी आणि तिच्यातल्या कोणत्या ओळींवर अजून काहीच झालेलं नाही त्याची नोंद. तक्रारींची कागदपत्रं या फाइलमध्ये ठेवू नका. ती नेमलेल्या तिघांकडेच राहतील. नव्या व्यक्तीसोबत पहिले दोन महिने राहा, तिने विचारलं तरच बोला, आणि तिसऱ्या महिन्यात अ‍ॅडमिनचे हक्क स्वतःकडून काढून टाका.